तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलावर दोन चष्मे कशासाठी?

मी मुद्रितशोधनाचे काम करते. माझ्या दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे नऊच्या आसपास आहे, उजव्या डोळ्याला उणे दोनचा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा जादा नंबर, आहे आणि पन्नाशी उलटल्यामुळे चाळिशीचा नंबरही आता अधिक दोनवर गेला आहे. तरीही दूरचे आणि जवळचे एकाच काचेत बसवणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा मी वापरत नाही. बाहेर एक आणि टेबलापाशी दुसरा, असे दोन चष्मे मी बाळगते. घरी येणारे बहुतेक जण विचारतात, की एका चष्म्यात काम भागत असताना ही काढघाल कशासाठी.

याचे उत्तर काचेच्या रचनेत आहे. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे पाहण्यासाठी त्याला जो फुगवटा घ्यावा लागतो तो घेता येत नाही. प्रोग्रेसिव्ह काच ही उणीव भरून काढते. वरच्या भागात दूरचा नंबर, तळाशी वाचनाचा आणि त्या दोहोंमध्ये हळूहळू बदलत जाणारा एक अरुंद पट्टा, अशी तिची घडण असते. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिमा वाकडी आणि धूसर दिसते. हा कोणा कंपनीचा दोष नाही. पृष्ठभागाची वक्रता वरून खाली सतत बदलत ठेवली, की कडेला ही विकृती येणारच. १९५९ साली फ्रान्समध्ये व्हॅरिलक्स ही काच आली तेव्हापासून पट्टा रुंद करण्याचे प्रयत्न चालू आहेत. महाग काचेत ही विकृती कमी जाणवेल अशा जागी सरकवलेली असते, पण ती नाहीशी झालेली नसते.

माझ्यासमोर मोठ्या कागदावर जोडपाने छापलेली प्रुफे असतात. डावीकडच्या समासापासून उजवीकडच्या समासापर्यंत नजर सरकली, की प्रोग्रेसिव्ह काचेत ती पट्ट्याबाहेर जाते आणि मग डोळ्यांऐवजी मान फिरवावी लागते, तीही हनुवटी उचलून. दिवसभर असे करून पाहा, म्हणजे मानेचे दुखणे चष्म्याच्या दुकानातून कसे घरी येते ते कळेल. टेबलाच्या चष्म्यात मी उणे नऊमध्ये अधिक दोन मिळवून उणे सातची सरळ एका नंबरची काच बसवली आहे. हातातला कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखाच स्पष्ट दिसतो. ज्यांना दिवसभर समोरचा माणूस आणि हातातला कागद आलटूनपालटून पाहावा लागतो, उदाहरणार्थ शिक्षक किंवा बँकेच्या काउंटरवरचे कर्मचारी, त्यांनी मात्र प्रोग्रेसिव्ह जरूर घ्यावा. सुरुवातीला जिना उतरताना तेवढी मान खाली घालून वरच्या भागातून पायरी पाहावी. आणि ज्यांचा नंबर उणे अडीच-तीन आहे, सिलिंडर फारसा नाही, त्यांनी वाचताना चष्मा नुसता काढून ठेवला तरी चालते. मी काढला, तर मला कागद नाकापासून वीतभरही लांब धरता येत नाही.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण नंबर बरोबर असूनही चष्मा त्रास देतो तो बहुतेकदा हिच्यामुळे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नंबर, सिलिंडर, त्याचा अक्ष (तो कोणत्या कोनात बसवायचा ते) आणि चाळिशीचा नंबर असतो, पण डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर अनेकदा नसते. माझे ते अंतर ६० मिलिमीटर आहे. एका दुकानातून आणलेल्या दूरच्या चष्म्याने भुवयांच्या वर ठणका लागायचा, आणि तक्रार केली की ‘सवय होईल’ एवढेच उत्तर मिळायचे. दुसऱ्या चष्मेवाल्यांनी तो यंत्रावर धरून दोन्ही काचांच्या मध्यांवर शाईचे ठिपके उमटवले आणि पट्टी लावली, तर अंतर निघाले ६६. म्हणजे प्रत्येक डोळा मध्यापासून तीन मिलिमीटर आतल्या बाजूने पाहत होता. हे अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन नंबराने गुणले, की काच किती प्रिझमसारखी वागते, म्हणजे प्रकाश किती एका बाजूला वळवते, ते कळते. ०.३ गुणिले ९, म्हणजे एका डोळ्याला २.७. दोन प्रतिमा एकत्र ठेवण्यासाठी डोळ्यांना सतत बाहेरच्या बाजूला ताण द्यावा लागत होता, आणि त्याची सवय कोणी का करून घ्यावी? उणे एक नंबरवाल्याला एवढी चूक जाणवलीही नसती.

म्हणून फ्रेम निवडताना मी आधी तिच्या दांडीची आतली बाजू पाहते. तिथे ५२-१८-१४० असे आकडे बारीक अक्षरांत छापलेले असतात. ते काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि दांडीची लांबी. पहिल्या दोघांची बेरीज बाहुल्यांमधल्या अंतराच्या जितकी जवळ, तितका काचेचा मध्य जागेवर येतो आणि कडही पातळ राहते. माझी फ्रेम ४४-१८ आहे, मुलगी तिला आजोबांची फ्रेम म्हणते. प्रोग्रेसिव्ह घेणार असाल, तर फ्रेम नाकावर नीट बसवल्यावरच बाहुलीची उंचीही नमुन्याच्या काचेवर खूण करून घ्यायला सांगा. फ्रेम पसंत करण्याआधीच माप उरकणाऱ्या दुकानातून उठून यावे.

सिलिंडरचा अक्ष दहा अंशांनी चुकला तर त्याचा सुमारे एक तृतीयांश फायदा जातो आणि तीस अंशांनी चुकला तर काहीच उरत नाही. माझा अक्ष १८० आहे. सिलिंडर कमी पडला की काने स्पष्ट दिसतात पण शिरोरेखा पसरते, आणि अक्ष चुकला की अनुस्वार तिरका ओघळतो. त्यामुळे नवा चष्मा मी दुकानातच, बारीक टायपातल्या छापील मजकुरावर तपासते.

काचेचा जाडपणा हा बहुतेकांचा आवडता विषय. १.७४ अपवर्तनांकाची, म्हणजे प्रकाश जास्त वाकवणारी काच बरीच पातळ, पण पातळ काचेतून तिरके पाहिले, की काळ्या अक्षरांना निळी-पिवळी किनार येते. बाहेरच्या चष्म्यात मी १.६७ घेते आणि टेबलाच्या चष्म्यात मुद्दाम जरा जाड, १.६ ची. निळा प्रकाश अडवणाऱ्या लेपासाठी वेगळे पैसे मी देत नाही. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असे दिसले नाही.

चष्म्याच्या दुकानात नंबर मिळतो, डोळ्यांची तपासणी होत नाही. उणे सहाच्या पुढे नंबर असलेल्यांना डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटण्याचा आणि काचबिंदूचा धोका इतरांहून जास्त असतो. उतारवयात उणे नंबर भराभर वाढू लागला, तर त्यामागे मोतीबिंदूही असू शकतो. मधुमेह असेल, तर साखर आटोक्यात आल्यावरच नवा नंबर काढावा, एरवी तो साखरेबरोबर हलत राहतो. डोळ्यांपुढे एकाएकी काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखे झाले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. मी दरवर्षी थेंब घालून पडदा तपासून घेते. त्यानंतर काही तास उजेड सोसत नाही आणि अक्षरे फिसकटलेली दिसतात, म्हणून त्या दिवशी फोन करून प्रुफे मागणाऱ्यांना मी सरळ दुसऱ्या दिवसाचा वायदा करते.