खुर्ची आण बे!

डिसेंबरात गावी आलं की दिवसा गावात कोणी सापडत नाही. कपाशीची वेचणी चालू असते, तूर शेंगांवर आलेली असते, हरभऱ्याचं ओलीत सुरू असतं. टोरांटोच्या ऑफिसला नाताळची सुट्टी मिळाली म्हणून कपाशी थोडीच थांबते? त्यामुळे भेटीगाठी दिवेलागणीनंतर. माझं शरीर तर तिकडच्या घड्याळावर, साडेदहा तास मागे. त्याच्या लेखी तेव्हा कुठे सकाळ झालेली. गाव जांभया देतं आणि मी टवटवीत.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर विमानतळाहून कारंजा चटकन येतं. पुढे दारव्ह्याच्या अंगाला आमच्या गावाचा रस्ता लागला की गाडीची आणि कमरेची परीक्षा. असो.

ओट्यावर पाय ठेवला की आतून आवाज येतोच, "खुर्ची आण बे!" मग एखादं पोट्टं शेजारून लाल प्लास्टिकची खुर्ची उचलून आणतं, दुपट्ट्याने खसाखसा पुसतं. मी खुर्चीवर, बाकी सगळं घर खाली सतरंजीवर. लहानपणी चपला घालून घरात शिरलो म्हणून जिने पाठीत धपाटा घातला होता, ती काकू आता म्हणते, "राहू दे न बाप्पा चपला." खाली बसतो म्हटलं तर काका समजूत काढतात, "त्याले आता मांडी घालायची सवय नसंन."

चहाचं तर विचारूच नका. एका घरी घेतला की गल्लीतल्या प्रत्येक घरी घ्यावा लागतो, नाहीतर "त्यायचा च्या चालते, आमचा नाही चालत काय?" हा ठरलेला टोमणा. एकदा "साखर कमी टाका" म्हणालो. पुढच्या घरी पोचायच्या आत बातमी तिथं हजर होती: "पोराले शुगर झाली म्हनते!"

प्रश्नही ठरलेले. "कवा आला?" आणि त्याला लागूनच "कवा जातं?" मामांचं मात्र वेगळं. तिकडच्या थंडीची चौकशी झाली, उणे वीसपर्यंत जाते म्हणालो. ते जरा विचारात पडले. "मंग ओलीत कसं करते थे लोकं?" जमीनच गोठते, हिवाळ्यात शेती बंद असते, असं सांगितल्यावर मामा आतल्या खोलीकडे वळून मामीला म्हणाले, "पाय वो, त्यायले सरकारी नोकरीसारखी सुट्टी असते."

बालमित्र काही घरी भेटला नाही. या आठवड्यात कृषिपंपाची लाईट रात्रीची होती, म्हणून तो वावरात. त्याचा भाऊ मला गाडीवर तिथं सोडून गेला. अंधारात स्प्रिंकलरचा फटफट आवाज, लांब कुठेतरी डुकरं हाकलणाऱ्याची आरोळी. मित्राने टॉर्च माझ्या तोंडावर मारला. मी कधी आलो, कधी जाणार, काहीच विचारलं नाही.

"बरं झालं आला. त्या नोझलमंधी कचरा अडकला, काडी घाल."

काडी घातली. बर्फासारख्या पाण्याने कोट, स्वेटर, सगळं भिजलं. तो पोट धरून हसला. मग मोटर बंद करून आला. पाईप पलीकडच्या धुऱ्याजवळ न्यायचे होते. दोन त्याने स्वतः घेतले, दोन माझ्या खांद्यावर चढवले.

"हरभरा तुडवू नको बे. तासातून चाल."