मंगुरी म्हणजे चुंबळ

इयत्ता आठवीत भूगोलाच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढला, कडेकडेने शहरे मांडली, मेंढ्यांची कुरणे आणि सोन्याच्या खाणी दाखवल्या, आणि मधल्या भल्यामोठ्या भागात पुस्तकातला एकच शब्द लिहिला : निर्जन. मी तो वहीत उतरवून घेतला. त्या दिवशी मी तासाला उशिरा पोचले होते, कारण टँकर आला की दोन हंडे घरी पोचवल्याशिवाय शाळेला निघायचे नाही, असा आमच्या घरचा नियम होता. माणदेशातल्या आमच्या पिढीच्या मुलींना या उशिराबद्दल शाळेने कधी वर्गाबाहेर उभे केले नाही, हे अमृतमहोत्सवाच्या या स्मरणिकेत मी कृतज्ञतेने नमूद करते. गडबडीत डोक्यावरची चुंबळ त्या दिवशी दप्तरातच आली होती.

त्याच ‘निर्जन’ भागातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या गावी मी गेली चौदा वर्षे डायलिसिस विभागात परिचारिका म्हणून काम करते आहे. माझे मनोगत माझ्याविषयी कमी आणि तिथे मला लाभलेल्या एका वडीलधाऱ्या बाईंविषयी जास्त आहे. त्या ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या पिंटुपी या आदिवासी समाजाच्या होत्या. त्या आता हयात नाहीत, आणि गेलेल्या माणसाचे नाव त्यांच्याकडे वर्षानुवर्षे उच्चारत नाहीत. त्याच नावाचे दुसरे कोणी असेल तर त्यालासुद्धा ‘कुमंजायी’ अशा पर्यायी शब्दाने हाक मारतात. म्हणून मी त्यांना त्यांच्या वर्गनावाने (जन्माने मिळणाऱ्या नातेगटाच्या नावाने), नाकामारा म्हणूनच संबोधते. या नावाच्या शेकडो स्त्रिया आहेत.

पहिल्या दिवशी मी त्यांचा कागद भरत होते. जन्मतारीख १ जुलै. त्यांच्या आधीच्या दोन रुग्णांचीही १ जुलैच होती. वाळवंटात जन्मलेल्यांची तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती, म्हणून कचेरीत सरसकट तीच घातली गेली, असा खुलासा सहकारी परिचारिकेने केला. मला हसू आवरेना, कारण माझ्या वडिलांची, दोन्ही चुलत्यांची आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख याच शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आहे. मी हे नाकामारांना सांगितले. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “तुझ्या गावाला पाणी कुठले?”

डायलिसिसची एक पाळी चार-पाच तासांची, आठवड्यातून तीनदा. एवढा वेळ हात सुईला बांधलेला असताना माणूस एक तर झोपतो, नाहीतर बोलतो. त्या बोलत. अर्धे इंग्रजीत, अर्धे पिंटुपीत, आणि उरलेले मोकळ्या हाताने चादरीवर रेघा ओढत. त्यांचे बालपण वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमेवरच्या वाळूच्या टेकड्यांत गेले, ज्या मुलखात विलकिनकारा नावाचे खारे सरोवर आहे आणि नकाशावर त्याला लेक मकाय म्हणतात. तिथे वाहती नदी नाही. पाणी असते ते खडकातल्या खळग्यांत, किंवा वाळूखाली हातभर, कधी कमरेइतके खोल. आमच्याकडे नदीच्या कोरड्या पात्रात झिरे खणतात ना, तसे. कुठल्या झिऱ्याला पावसानंतर किती दिवस पाणी टिकते, तो आटला तर पुढचा किती चालीवर, आणि वाटेत मुलांना काय खायला मिळेल, हे सारे त्या वयाच्या सात-आठव्या वर्षी सांगू शकत, कारण प्रत्येक पाण्याचे नाव एका गाण्यात क्रमाने गुंफलेले असे आणि गाणे चुकले तर वाट चुकणार, हे मुलांना पक्के ठाऊक असे. गाणी, पूर्वज आणि ती जमीन घडण्याची हकिकत या सर्वांना मिळून त्या ‘चुकुर्पा’ म्हणत. त्यातले बायकांचे बरेचसे त्यांनी मला सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही.

पाणी आणायचे ते ‘पिती’तून. पिती म्हणजे लाकूड कोरून केलेली खोलगट परात. चित्र पाहताच मी म्हणाले, ही तर आमची काथवट. भरलेली पिती डोक्यावर घेऊन मैलोगणती चालायचे, तर पाणी हिंदकळू नये म्हणून वर पाने पसरायची, आणि पितीखाली डोक्यावर ठेवायची ती ‘मंगुरी’. केसांच्या दोरीची किंवा गवताची वळून केलेली कडी. त्या हे सांगत असताना मी हातातले गॉज वळून चुंबळ केली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, बोटाने दाबून पाहिली, ‘सैल आहे’ म्हणाल्या, उसवून पुन्हा घट्ट वळून दिली. ती मी अजून जपून ठेवली आहे.

गवताचे बी गोळा करण्याचे काम बायकामुलींचे. ते पितीत घेऊन झुलवायचे, म्हणजे भूस एकीकडे आणि दाणा एकीकडे होतो. सुपाने पाखडणाऱ्या कोणत्याही बाईला त्या मनगटांची हालचाल लगेच कळावी. मग पाणी शिंपत दगडावर वाटायचे आणि तो लगदा निखाऱ्यांच्या राखेत भाजायचा. दिवसभर राबून एका कुटुंबाला पुरेल इतकी भाकरी. गोड खायचे असेल तर मुल्गाच्या झाडाखाली खणून मधमुंग्या काढायच्या. त्यांच्या फुगलेल्या पोटात मध असतो, आणि मुंगी डोक्याशी धरून फक्त तेवढेच चोखायचे. हे सांगताना सत्तरीच्या घरातल्या त्या बाईंचा चेहरा आठ वर्षांच्या मुलीसारखा होई.

या समाजात आठ वर्ग असतात आणि आईवडिलांच्या वर्गांवरून मुलाचा वर्ग ठरतो. पुरुषांची वर्गनावे ‘च’ने आणि स्त्रियांची ‘न’ने सुरू होतात. आईची बहीणही आई आणि बापाचा भाऊही बापच. मामा आणि आत्या मात्र वेगळ्या. भावकी आणि सोयरीक घोळून वाढलेल्या मला हे समजायला वेळ लागला नाही. परक्या माणसालासुद्धा ते एखाद्या वर्गात बसवतात, कारण नाते नसलेल्या माणसाशी वागायचे कसे, हेच ठरत नाही. नाकामारा आईची मुलगी नुंगाराई असते. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला नुंगाराई म्हणायला सुरुवात केली.

१९६० च्या दशकात त्यांचे हे जग तुटले. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा या चाचणीतळावरून सुटणाऱ्या रॉकेटांचा मार्ग पश्चिमेच्या वाळवंटावरून जात असे, त्यात दुष्काळ पडलेला. सरकारी पथकांनी माणसे गोळा करून मालमोटारीतून पूर्वेला पापुन्या या वसाहतीत आणली. नाकामारा तेव्हा लहान मुलगी होत्या. मोटार चालू झाल्यावर झाडे मागे पळू लागली, ती झाडेच चालू लागली असे वाटून आपण डोळे मिटले, असे त्या सांगत. वसाहतीत आयते पीठ, साखर, चहा मिळाला. पण आलेल्यांपैकी कितीतरी जण थोड्याच वर्षांत आजारांनी दगावले, आणि त्यांत त्यांची धाकटी आईही होती. सगळेच तेव्हा बाहेर आले नाहीत. अगदी १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये नऊ जणांचे एक कुटुंब किविरकुरा या वस्तीजवळ प्रथमच बाहेरच्या जगाला भेटले. त्यातली युकुल्जी नापांगाती ही तेव्हाची किशोरवयीन मुलगी आज नामवंत चित्रकार असून २०१८ मध्ये तिला निसर्गचित्रासाठीचा विन पुरस्कार मिळाला.

शाळेच्या स्मरणिकेत हेही सांगायला हवे की वाळवंटातील ही जगप्रसिद्ध चित्रकला एका शाळेच्या भिंतीवरून सुरू झाली. पापुन्याच्या शाळेत जेफ्री बार्डन हे शिक्षक होते. १९७१ मध्ये गावच्या जाणत्या पुरुषांनी त्या भिंतीवर मधमुंगीचे चित्र काढले. भिंत पुढे रंगवून टाकण्यात आली, पण चित्रे फळ्यांवर आणि कॅनव्हासवर आली होती. १९८१ पासून पिंटुपी लोक आपल्या मुलखात, किंटोरला परतू लागले. पुढे मूत्रपिंडाचे विकार बळावले आणि माणसे पुन्हा पाचशे किलोमीटरवर अ‍ॅलिस स्प्रिंग्जला येऊन पडली, तेव्हा याच चित्रांनी हात दिला : २००० साली सिडनीत त्यांचा लिलाव होऊन १० लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आणि २००४ मध्ये किंटोरला डायलिसिस सुरू झाले. ती संस्था आज पर्पल हाउस म्हणून ओळखली जाते. यंत्रे मोजकी असल्याने रुग्ण पाळीपाळीने घरी जातात.

मी आधी ज्या रुग्णालयात होते तिथे नाकामारांच्या कागदावर ‘उपचारांना सहकार्य नाही’ असा शेरा होता. नात्यातल्या कोणाच्या दुखवट्याला त्या गावी गेल्या आणि डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या, एवढेच घडले होते. तो शेरा मीही एकदा लिहिला आहे, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

डायलिसिसच्या रुग्णाने पाणी मोजून प्यायचे असते. एका पाळीत यंत्र सुमारे १२० लिटर पाणी संपवते आणि त्या खुर्चीतल्या माणसाला दिवसाला लिटरभरदेखील पिता येत नाही. जिने आठव्या वर्षी कुटुंबासाठी पाणी शोधले, तिच्या हातातून पेला काढून घेण्याचे काम माझे होते. त्या कधी रागावल्या नाहीत. बर्फाचा एक खडा मागून घेत आणि तो जिभेखाली बराच वेळ ठेवत.

त्यांची किंटोरची पाळी आली तेव्हा मीही काही आठवड्यांसाठी बदली परिचारिका म्हणून तिथे गेले. रविवारी त्यांच्या मुलींनी आम्हाला जीपमधून एका कोरड्या ओढ्यावर नेले. नाकामारा वाळूत मांडी घालून बसल्या आणि हाताने खणू लागल्या. कोपरापर्यंत हात आत गेल्यावर वाळू काळी झाली, मग तळाशी गढूळ पाणी हळूहळू जमले. त्यांनी त्या पाण्याला मोठ्याने हाक मारून काही सांगितले, ओली वाळू माझ्या दोन्ही दंडांना चोळली आणि थोडे पाणी माझ्या डोक्यावर ओतले. काय म्हणालात, असे मी विचारले. “तू माझी आहेस, असे सांगितले,” त्या म्हणाल्या, “नाहीतर पाणी तुला ओळखणार कसे?” मग ओंजळीतले एकच घोटभर स्वतः प्यायल्या आणि माझ्याकडे पाहिले. मी त्या दिवशी पाणी मोजले नाही.