गेट ब्रिज आणि फुजी: खांब अजून हवेतच

फुजी पर्वत अखेर कॅमेऱ्यात मिळाला. ४०० मिमी लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, बर्फाची कड कापून काढल्यासारखी. आणि त्याच फ्रेममध्ये टोकियो गेट ब्रिजचे खांब पाण्यापासून सुटून हवेत तरंगताहेत, ट्रसच्या (पोलादी जाळीदार सांगाड्याच्या) सरळ रेषा नागमोडी झाल्यात. डोकं फिरायची वेळ आली!

फोकसचा प्रश्न नाही. माइहामाच्या किनाऱ्यावरून पूल साधारण पाच किलोमीटर, फुजी शंभरच्या पुढे. या सेटिंगला हायपरफोकल (जिथे फोकस केला की पुढचं अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं ते अंतर) ७०० मीटरच्या आतच येतं. ॲपर्चर अजून बंद करून काही हाती लागत नाही. सगळा घोळ हवेचा आहे. हिवाळ्यात वायव्येचा कोरडा वारा सुटला की फुजी दिसतो, आणि तीच गार हवा तिच्याहून उबदार पाण्यावरून येते. पाण्यालगत गरम थर, त्यावर गार, की झालं मृगजळ. पहाटे हवा सर्वांत थंड, म्हणजे शिखर गुलाबी होतं नेमकं तेव्हाच थरथर जोरात. उन्हाळ्याकडे हा फरक मिटतो खरा, पण तोवर धुरक्यात डोंगरच गडप.

आडोशाला राहून बर्स्ट (एकामागोमाग झटपट फोटो) मारायचे आणि त्यातली शांत फ्रेम वेचायची, एवढाच उपाय थोडाफार चालला. एडिटिंगमध्ये धुरकं काढणारा डिहेझचा स्लायडर ओढला की आकाशाला पट्टे पडतात. सीपीएल (ध्रुवीकरण फिल्टर) तर घरीच ठेवा: ध्रुवीकरण सूर्यापासून काटकोनात असतं, इथे सकाळी सूर्य थेट पाठीशी.

मापाचं गणित मात्र सुटलं, आणि भलतं मजेशीर निघालं. हानेदा विमानतळाच्या विमानांमुळे या पुलाला उंच मनोरे देता आले नाहीत, माथा ८७.८ मीटरवरच थांबला. तो फुजीच्या शिखराच्या रेषेत यायला कॅमेरा जवळजवळ तीन किलोमीटरवर हवा. तिथे समुद्र आहे! पुलाच्या टोकाशीच असलेल्या वाकासूहून पूल अंगावर येतो, माइहामाहून तो फुजीच्या निम्म्याहून थोडा वर पोचतो. बोट भाड्याने घ्यायचा बेत होता, पण हलत्या बोटीवर ४०० मिमी? आणि डोळा पाण्याच्या आणखी जवळ, म्हणजे मृगजळ दुप्पट.

हे लिहितानाच नकाशा परत उघडला, आणि बोट रद्द. फेब्रुवारीत टोकियो बेचं पाणी सर्वांत गार, दहा अंशांच्या आसपास. दुपारची हवाही तेवढ्यावर जाते. म्हणजे थरथर सर्वांत कमी व्हायला हवी ती फेब्रुवारीतल्या संध्याकाळी. आणि उरायासूच्या सोगो पार्कवरून डायमंड फुजीही (मावळता सूर्य नेमका शिखरावर टेकतो तो क्षण) फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास! तिथून पूल नऊ-साडेनऊ किलोमीटर, म्हणजे त्याची उंची सूर्याच्या बिंबाएवढीच दिसणार. गुलाबी बर्फ गेला खड्ड्यात, सिल्हूटमध्ये तो ट्रस कसला देखणा येईल.

तर आता पहाटेचे गजर बंद. डायमंडच्या आधीच्या एखाद्या निरभ्र संध्याकाळी फक्त थरथर तपासायला जाणार, खांब पाण्याला टेकलेले दिसले तरच एनडीवर (प्रकाश कमी करणाऱ्या फिल्टरवर) पैसे घालीन. ६०० मिमीला तिथे कुणी क्रॉप न करता दोन्ही बसवलंय का?