तुम्ही विचारलंत म्हणून : शब्द कोण टाकणार?

"घरातूनच धंदा करते, दिवसभर बाहेर पडणं होत नाही. मग ओळखी वाढवायच्या कशा?" श्रावण लागला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी केक किंवा फराळ करणारी असते, कधी ब्लाउज शिवणारी.

मला वाटतं, ओळखी बहुतेकींकडे पुरेशा असतात. अडतं ते असं की त्या ओळखींना तुमच्यासाठी शब्द टाकता येत नाही. "मी घरगुती पदार्थ करते" हे ऐकून कुणाला काही आठवत नाही. त्याऐवजी "10 ते 25 माणसांचं उपासाचं जेवण करते, 2 दिवस आधी सांगायचं, गोरेगाव ते बोरिवली पोचवते" असं सांगून बघा. पदार्थ, किती, किती आधी, कुठपर्यंत. एकादशीला शेजारणीकडे पाहुणे येणार असले की ऐकणारीच्या तोंडून तुमचं नाव आपसूक निघतं.

यातलं "कुठपर्यंत" मुंबईत फार महत्त्वाचं. ओळखी आपल्या रेल्वे लाइनवर वाढवा. दहिसरला केक करणारीला मुलुंडहून चार ऑर्डरी आल्या तर आनंद होतो, पण गाडीभाडं नफा खातं आणि मे महिन्यात क्रीम वाटेतच बसतं. आधी आपल्या स्टेशनच्या दोन्ही बाजूंची दोन-तीन स्टेशनं पक्की करा. शिकवण्या ऑनलाइन घेणाऱ्यांना ही अट नाही.

जायचं कुठे? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं सोडू नका. त्या दिवसांत एका संध्याकाळी तीन-चार घरं होतात आणि प्रत्येक घरात नव्या बायका भेटतात. वाण म्हणून आपलाच 50 ग्रॅम मसाला द्या, पुडीवर नाव, नंबर आणि वरचं ते एक वाक्य. तिथे ऑर्डर मागू नका. सणाला आलेल्या बाईला गिऱ्हाईक केलं की ती अवघडते.

प्रदर्शनात स्टॉल घेतलात तर गल्ल्याइतकंच लक्ष नंबरांकडे द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायची सोय) 256 जण बसतात, पण निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. इथेच बहुतेकींचं चुकतं. वहीत शंभर नंबर उतरवून घेतात, दिवाळीला पदार्थांची यादी पाठवतात आणि उत्तर कुणाचंच येत नाही, कारण निरोप गेलेलाच नसतो. म्हणून टेबलावर क्यूआर कोड ठेवा. बाई पिशवी हातात घेऊन उभी असतानाच स्कॅन करून "हाय" पाठवायला आणि नाव सेव्ह करायला सांगा. तुम्हीही लगेच सेव्ह करा, पण नुसतं "सुनीता" नको. "सुनीता, पार्ले, भाजणी, प्रदर्शन" असं लिहा. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र रोज फोटो टाकू नका, लोक ग्रुप म्यूट करतात.

व्यावसायिकांनी एकमेकांना कामं मिळवून द्यायच्या क्लबांबद्दलही विचारता. बीएनआयसारख्या ठिकाणी दर आठवड्याला सकाळी बैठक असते आणि एका गटात एका व्यवसायाला एकच जागा. माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांचा. आधी पाहुणे म्हणून जाऊन या. मग वर्षाच्या फीला एका ऑर्डरच्या नफ्याने भागा. येतील तितक्या ऑर्डरी फक्त फी फेडायला लागतील. कंपन्यांच्या भेटवस्तू, इंटिरियर, हिशोबाची कामं यांना हे जमतं. चकलीच्या पाकिटांना बहुधा नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित ओळख : आपल्याच धंद्यातली. गणेश चतुर्थीला उकडीचे मोदक आदल्या दिवशी करून चालत नाहीत, आणि नैवेद्य सगळ्यांनाच दुपारच्या आत हवा असतो. हाताबाहेरची ऑर्डर नाकारलीत तर ते घर पुढच्या वर्षी दुसरीकडे जातं. म्हणून दोन-तीन मोदकवाल्यांशी आधीच बोलून ठेवा. पंधरा दिवस आधी एकमेकींचे 5 मोदक मागवा, वजन करा, पारी आणि सारण बघा. द्यायची तर 21 ची अख्खी ऑर्डर द्या, अर्धे तुमचे अर्धे तिचे असं एका डब्यात कधीही नको. तांदूळ वेगळा, पिठी वेगळी, पांढरेपणातला फरक झाकण उघडताच दिसतो. गरम मोदक डब्यात भरून झाकण घट्ट लावलं की वाफेचं पाणी सुटतं, तळ ओले होतात आणि मोदक एकमेकांना चिकटतात. त्यामुळे खाली केळीचं पान आणि झाकण थोडं उघडं, हे दोघींचं सारखंच ठरलेलं हवं.

गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की मोदक अमुक ताईंकडून येतील. डब्यावर नाव आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 आकडी एफएसएसएआय क्रमांकही तिचाच. बिघडलं तर निस्तरणार कोण, हेही आधी बोलून घ्या. माझ्या मते पहिला फोन तुम्हीच घ्यायला हवा, कारण शब्द तुम्ही टाकलेला असतो.

तुमच्यासाठी कुणी शब्द टाकला, तर त्याच दिवशी तिला कळवा : "तुझ्या नणंदेचे 21 मोदक 11 वाजता पोचले." ऑर्डर जमणार नसेल तर हा फोन आणखी लवकर करा, तिला नणंदेकडून कळता कामा नये. मोदकवालीशी पैशांचा हिशोब मात्र विसर्जनापर्यंत ठेवू नका. त्याच संध्याकाळी मिटवा.