नव्या टाकीतले अडलेले चक्र आणि चमचाभर सोडा

यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी घरात गोड्या पाण्याची एक नवी टाकी लावली. तिचे माप २४ × १२ × १५ इंच असून वाळू आणि वरची मोकळी जागा वगळता तिच्यात साधारण ६० लिटर पाणी मावते. मासे आणण्यापूर्वी फिल्टरमध्ये जिवाणूंची वसाहत तयार व्हावी, म्हणून मी माशांविनाच सायकलिंग करायचे ठरवले. सायकलिंग म्हणजे माशांपासून पाण्यात येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढवणे. पुण्याच्या नळाला क्लोरीनयुक्त पाणी येते आणि क्लोरीन याच जिवाणूंना मारते. त्यामुळे पाणी भरतानाच हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे विरघळवून क्लोरीन घालवले.

मासे नसताना जिवाणूंना खाद्य म्हणून लागणाऱ्या अमोनियासाठी मी शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, वापरला. (आईला हा शब्द ऐकून थेट कल्हईवाला आठवला, मात्र कल्हईचा नवसागर शुद्ध असेलच असे नाही, त्यामुळे तो टाकीत घालू नये.) १०० मिलिलिटर पाण्यात ३.८ ग्रॅम नवसागर विरघळवून ठेवला, की त्यातल्या १० मिलिलिटर द्रावणाने ६० लिटर पाण्यात अमोनियाचे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमने वाढते. बाराव्या दिवशी अमोनिया प्रथमच उतरला, नायट्राइट दिसू लागले आणि पुढचे डोस दोन-तीन दिवसांत फस्त होऊ लागले.

पाचवा डोस मात्र जागचा हलेना. पाणी तपासायच्या किटमध्ये चार दिवस अमोनियाची हिरवी छटा तीच राहिली आणि नायट्राइटचा जांभळा रंग किटच्या शेवटच्या खुणेवरच थांबला. या दुसऱ्या आकड्यावर मी आधीच संशय घ्यायला हवा होता. २ मिलिग्रॅम अमोनियापासून सुमारे ५.४ मिलिग्रॅम नायट्राइट बनते आणि किटची पट्टी ५ वर संपते. म्हणजे पहिल्याच डोसनंतर ती निरुपयोगी ठरते. नमुन्याचा एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटरचे चार भाग असे मिश्रण करून तपासले, तेव्हा नायट्राइट २० च्या आसपास निघाले. जिवाणू मेले असावेत असे वाटून मी बाटलीबंद जिवाणू विकत घेण्याच्या बेतात होतो.

तोपर्यंत मी ज्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते तो पीएच, म्हणजे शेतकरी ज्याला सामू म्हणतात तो, शेवटी एकदा मोजला. तो किटच्या तळाशी, ६.० वर होता. केएच, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटांची आम्ल पचवण्याची ताकद (ती अंशांत मोजतात), एका अंशाच्याही खाली गेली होती. नळाच्या पाण्याचा केएच ३ होता. आमच्याकडे पावसाळ्यात निव्वळ खडकवासल्याचे पाणी येते. सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहत आलेले हे पावसाचे पाणी मुळातच मृदू असते.

पुढचे सगळे गणितच होते. अमोनियातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्राइट होताना आम्ल तयार होते आणि ते कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खाऊन टाकते. माझ्या एका डोसला त्या हिशेबाने सुमारे १२ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास ०.६६ अंश केएच खर्च होत होता. चार डोसांत २.६ अंश संपले, पाण्याला आधार उरला नाही, सामू घसरला आणि जिवाणूंचे काम ठप्प झाले. ते मेले नव्हते. सायकलिंगच्या बहुतेक सूचना अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट या तीन आकड्यांभोवतीच फिरतात. धरणाच्या पाण्यावर टाकी लावणाऱ्याने मात्र केएच सर्वांत आधी मोजावा, असे माझे आता ठाम मत आहे.

उपाय स्वयंपाकघरातच होता. १०० लिटर पाण्याचा केएच एका अंशाने वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तीन अंशांसाठी माझ्या टाकीला ५.४ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा पुरला. बेकिंग पावडर किंवा धुण्याचा सोडा येथे चालत नाही. टाकीत मासे असते तर हेच काम मी इतक्या झटपट केले नसते. सामू ६ असताना जवळजवळ सगळा अमोनिया निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. २५ अंश तापमानाला सामू ७ झाला की त्यातला अर्धा टक्का आणि ८ झाला की पाच टक्के भाग विषारी रूपात जातो.

दोन दिवसांत अमोनिया शून्यावर आला. नायट्राइटला मात्र आणखी दहा दिवस लागले. ते फस्त करणारे जिवाणू नायट्रोबॅक्टर असावेत अशी पूर्वी समजूत होती. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. ते सावकाश वाढतात, म्हणून त्या काळात मी नवसागर बंद ठेवला. केएच पुन्हा घसरू नये यासाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून फिल्टरमध्ये टाकल्या. पाणी आम्लधर्मी होऊ लागले की त्या हळूहळू विरघळतात.

अखेर सलग तीन डोस चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य होईपर्यंत पचले. नायट्रेट ४० आणि ८० च्या रंगांच्या मधे कुठेतरी होते, म्हणून बहुतांश पाणी बदलले आणि सहा चेरी बार्ब मासे आणले. उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचे बोअरचे जड पाणी येऊ लागेल, तेव्हा या शिंपल्यांची फारशी गरज उरणार नाही.