परत न आलेल्या विमानाचा माग

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांड या बॉम्बफेकी विभागाचे ५५,५७३ विमानकर्मी मृत्युमुखी पडले. लँकेस्टर या त्यांच्या बॉम्बफेकी विमानात सहसा सात जण असत; अशा एखाद्या तुकडीचे पुढे काय झाले, हे शोधताना मी सुरुवात लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ‘एअर २७’ या मालिकेपासून, म्हणजे स्क्वाड्रनच्या दैनंदिन नोंदवह्यांपासून करतो. तेथे नावे आणि उड्डाणाची वेळ मिळते, परंतु विमान परतले नसेल तर पुढचा मजकूर बहुधा एका ओळीत आटोपलेला असतो. मोहिमा मध्यरात्र ओलांडून चालत, त्यामुळे एकाच विमानाच्या संदर्भात दोन तारखा आढळल्या तरी गोंधळून जाऊ नये.

माझ्या मते सर्वांत मोलाची कागदपत्रे युद्धोत्तर शोधपथकांची आहेत. या पथकांनी गावोगावी साक्षी नोंदवल्या, अनामिक थडगी उघडली आणि इंजिनावरचे क्रमांक, कपड्यांवरच्या धोब्याच्या खुणा, अंगठ्या अशा क्षुल्लक वाटणाऱ्या पुराव्यांवरून अनेकांची ओळख पटवली. हे अहवाल वाचणे मात्र सोपे नाही. विमान समुद्रात कोसळले असेल, तर बहुतेकदा थडगे ज्ञात नसलेल्या विमानकर्म्यांसाठी इंग्लंडमध्ये उभारलेल्या आणि १९५३ मध्ये खुल्या झालेल्या रनीमीड स्मारकावरील वीस हजारांहून अधिक नावांतच शोध घ्यावा लागतो.