फियाट ११००ला नवा स्टिअरिंग रॅक: माझा अनुभव

नागपूरच्या वर्धा रोडसारख्या सरळ रस्त्यावरही माझी १९६८ची फियाट ११०० सरळ धरायची, तर स्टिअरिंग सतत थोडं डावं, थोडं उजवं करत राहावं लागायचं. जुना स्टिअरिंग बॉक्स वर्म-रोलरचा, म्हणजे स्क्रूसारख्या वर्मच्या आट्यांत रोलर सरकतो आणि चाकं वळतात. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून तो नेमका मधोमध झिजतो. वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला की मधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, जातो, पण वळणावर, जिथे वर्म अजून शाबूत असतो, तिथे स्टिअरिंग जाम होऊ लागतं. बदली म्हणून जे वर्म-रोलर हाती लागले, ते दुसऱ्या कोणाच्या गाडीत झिजलेलेच होते. शेवटी ठरवलं, रॅक बसवायचा, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की सरळ डावी-उजवीकडे सरकणारा दात्यांचा दांडा.

भंगारात रॅक हवे तेवढे पडलेले असतात. मी कोणत्या गाडीचा घेतला ते मुद्दाम सांगत नाही, कारण लोक मग नावावर रॅक आणतात, मापावर नाही. माप एकच महत्त्वाचं: रॅकच्या दोन्ही टोकांच्या आतल्या बॉल जॉइंटमधलं अंतर. फियाटला पुढे वरचा आणि खालचा असे दोन आर्म आहेत. समोरून पाहिलं, तर या आर्मचे आतले पिव्होट जोडणाऱ्या रेषेवर तो जॉइंट यायला हवा, आणि टाय रॉडची, म्हणजे रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची, दिशा अशी हवी की दोन्ही आर्मच्या रेषा वाढवल्यावर जिथे मिळतात, तिथेच तोही रोखलेला असावा. हे चुकलं की प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात.

रॅक जिथे जुना मधला रॉड होता, त्याच बाजूला बसवायचा. ॲक्सलच्या पुढे बसणारा रॅक तसाच मागे लावला, तर स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यावर गाडी उजवीकडे जाते. त्यात इंजिनचा सम्प, म्हणजे खालचं ऑइलचं भांडं, आडवा येतो, त्यामुळे कागदावरची जागा आणि गाडीतली जागा यांचं जमवताना सगळ्यात जास्त डोकं लागलं.

महाल भागातले आमचे मिस्त्री काका स्प्रिंग काढून, खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक वर-खाली करत होते. मी चाकाच्या हबला लेझर बांधून समोरच्या प्लायवूडवर खुणा करत होतो. ठिपका बाजूला सरकला की ब्रॅकेटखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, टाकायची किंवा काढायची. कंटाळवाणं काम आहे, पण खरं काम हेच. बाकी सगळं नट-बोल्ट.

टाय रॉडची बाहेरची टोकं फियाटचीच ठेवली, कारण नव्या टोकांचा टेपर (निमुळता भाग) जुन्या स्टिअरिंग आर्मला जुळत नव्हता. जोडायचं कसं? मी सहज वेल्डिंगचं बोललो, तर काका पाना खाली ठेवून म्हणाले, ‘भाऊ, स्टिअरिंगच्या रॉडले मी वेल्डिंग नाही करून देत. तुटलं तं गाडी कुठं जाईन?’ मग हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवर आटे पाडलेले स्लीव्ह करून घेतले. कॅसल नट आणि नवे स्प्लिट पिन अर्थातच.

स्टिअरिंग कॉलमला, म्हणजे व्हीलपासून खाली येणाऱ्या दांड्याला, दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनातही फिरणारे सांधे) लागले. दोन्हींचे काटे, म्हणजे दुतोंडी टोकं, एका रेषेत आणि कोन सारखे नसतील, तर एका फेऱ्यात स्टिअरिंग दोनदा जड, दोनदा हलकं होतं. फियाटचा गिअर कॉलमवर, त्यामुळे त्याचे दांडे मोकळे ठेवणं वेगळी कसरत. एक फायदा मात्र मोठा: जुना सरळ दांडा समोरून धडक बसल्यास थेट छातीकडे येतो, जॉइंटवाला दुमडायची शक्यता असते.

बॉडीला कुठेही कापाकापी केली नाही, ब्रॅकेट आहे त्या भोकांवरच बोल्टने बसवले. जुना बॉक्सही जपून ठेवलाय. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’चा व्हिंटेज नंबर मिळतो, पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, आणि त्या नंबरवर गाडी रोज चालवता येत नाही. मला चालवायची आहे, म्हणून मी तो घेतला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, जे गाडीतल्या बदलांबद्दल आहे, मात्र सगळ्यांनाच लागू आहे. सुटं सामान आणण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.

चालवताना फरक? वर्धा रोडवर आता एका हातानं सरळ चालते. पण रॅकला व्हीलचे फेरे कमी लागतात, ते फिरवायला जड जातं, म्हणून सीताबर्डीत पार्किंग करताना खांदे भरून येतात. जुनं मोठं स्टिअरिंग व्हील ठेवलं, तेवढाच आधार.

हे पाहून एका मित्रानं आपल्या जुन्या महिंद्रा जीपलाही रॅक लावायचं काढलं. त्याला नको म्हटलं. जीपचा पुढचा ॲक्सल सलग, स्प्रिंगच्या पट्ट्यांवर वर-खाली होणारा. चासीला घट्ट बसवलेला रॅक त्याच्यासोबत हलणार नाही, मग प्रत्येक उसळीत चाकं वळणार. त्याचा बॉक्स आता काकांकडे उघडून पडलाय.